खोटी भूक

धाडच्या बाजाराला जाणाऱ्या जीपा फाट्यावर थांबतात, तिथून दोन कोस आत हे गाव. गावात कुणाचं पोट बिघडलं की पाय आपोआप तानुबाईच्या ओट्याकडे वळायचे. पोट फुगलं तर भाजलेला ओवा नि काळं मीठ. तान्ह्याचं दुखलं तर हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती. जेवण जात नसेल तर घासाआधी आल्याची चकती, वर सैंधव. पांडुरंगाने तिच्या हाताला गुण दिला होता, हे खरंच. पण हातापेक्षा जिभेला धार जास्त. अन्न बंद केलेला रोगी गयावया करू लागला की ती म्हणायची, "ती भूक खोटी. जीभ बोलून राह्यली, पोट नाही. आयकू नका त्याचं." आणि गाव तिचा शब्द पाळायचं.

यंदा सप्ताह बसायच्या दोन आठवडे आधी तिलाच ढाळ लागले. धाडच्या वैद्यांनी दोन दिवस भाताची पेज आणि सुंठ घातलेलं ताक सांगितलं, तिसऱ्या दिवसापासून मऊ खिचडी. ढाळ दुसऱ्याच दिवशी थांबले. खिचडी मात्र आली नाही. सून राखी दोन्ही वेळा पितळी वाटीत पाण्यासारखी पेज आणून ठेवायची.

"राखी, मले भूक लागली वं."

"खोटी हाये, आत्याबाई," राखी शांतपणे म्हणायची.

मुलाला, शालिग्रामला सांगून पाहिलं. तो सप्ताहाच्या मंडपात पाणी भरायच्या घाईत. "माय, तूच तं सांगते समद्यायले. दम धर ना जरा," म्हणाला आणि गेला.

ढाळ लागल्याच्या एकविसाव्या दिवशी सप्ताहाची सांगता, काल्याचं कीर्तन. भिंती धरत धरत तानुबाई मंडपात आली. जन्मात तिने काला चुकवला नव्हता. महाराजांनी गोपाळांच्या शिदोऱ्या एकेक करून सोडल्या. कुणाची ताजी, कुणाची शिळी, देवाने सगळ्या एकत्र कालवल्या आणि आपल्या हाताने ज्याच्या त्याच्या मुखी घास घातला. मृदंग चढला, मंडप डोलू लागला. तानुबाईच्या डोळ्यांना धार लागली. त्यातली देवासाठी किती आणि शिदोरीसाठी किती, ते त्या विठ्ठलालाच ठाऊक.

मग पंगत बसली. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. भाजीची बादली घेऊन आलेला इंद्रभान तानुबाईची पत्रावळ सोडून पुढे सरकला.

"अरे इंद्रभान, वाढ ना मले!"

"तुमाले नाही, तानुमाय. राखीवैनीनं सांगून ठेवलं."

"मी बरी हाये रे! एकवीस रोज झाले!"

"हाव, आजारी मानूस असंच म्हनते. तुमीच तं शिकवलं आमाले."

पंगत हसली. अगदी मायेने हसली. शेजारच्या सिंधूताईने पाण्याचा लोटा तिच्याकडे सरकवला. "पानी पे, माय. थोडं सोस."

रोडग्यांची टोपली घेऊन राखी आली आणि सासूसमोर उकिडवी बसली. हातात फोडलेला रोडगा, त्यातून तूप ओघळत होतं.

"एकवीस रोज," ती हळूच म्हणाली. "मले बी तुमी एकवीसच रोज देल्ली व्हती पेज. त्याच पितळी वाटीतून."

तानुबाईने मान खाली घातली. चौदा वर्षं झाली. राखीचं पहिलं बाळंतपण. पोटात वायू धरला म्हणून तानुबाईने अन्न तोडलं. भूक भूक करून ओली बाळंतीण रडली, भूक खोटी ठरली. अंगावरचं दूध आटलं. चाळिसाव्या दिवशी पोरगी गेली. भेटायला आलेल्या बायांना तानुबाईने सांगितलं होतं, "माह्या औषधात खोट नाही. आईनंच लपून खाल्लं, पथ्य मोडलं."

"चौदा वर्सं झाली, गाव म्हनते, मीच पोरीले खाल्लं," राखी म्हणाली. "एकदा सांगा पंगतीत, मोठ्यानं. राखीची भूक खरी व्हती. तिनं काही खाल्लं नव्हतं. सांगा, अन् घ्या हा रोडगा."

तानुबाईने पंगतीवरून नजर फिरवली. यातल्या निम्म्या लोकांच्या बेंबीला तिने हिंग लावला होता. तुपाचा वास नाकात शिरला, ओठ उघडले.

"काय म्हनता, तानुमाय?" इंद्रभानने पलीकडून हाक दिली. सगळी पंगत तिच्याकडे पाहू लागली.

तानुबाईने पदराने तोंड पुसलं.

"काही नाही रे," ती म्हणाली. "जीभ बोलून राह्यली. भूक खोटीच हाये."

राखीने रोडगा सिंधूताईच्या पत्रावळीवर ठेवला, टोपलीत झाकून आणलेली पेजेची पितळी वाटी काढून सासूसमोर मांडली आणि टोपली उचलून पुढच्या माणसाकडे गेली.

वाढणं संपलं. पुंडलिक वरदाचा गजर झाला. सवयीने तानुबाईचाही हात वर गेला. मग सगळी पंगत जेवू लागली, आणि तिने वाटी तोंडाला लावली.