माझ्या झाकणावर झालेलं बी. ए.

काळी, जड आणि एकदा बोलायला लागले की न थांबणारी अशी मी एक जुनी फौजी ट्रंक आहे, मित्रांनो. दिल्ली छावणीतल्या एका क्वार्टरमध्ये खिडकीखाली माझी जागा आहे. हल्लीच्या बॅगांना चाकं असतात, कुणीही ओढून नेतं त्यांना. मला उचलायला दोन माणसं लागतात आणि त्याचा मला फार अभिमान आहे.

माझा जन्म बेळगावच्या बाजारात एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. त्याने ठोकून ठोकून माझे कान किटवले, पण अंग असं घडवलं की वर दोन जवान उभे राहिले तरी मी वाकत नसे. बळवंतराव तेव्हा नुकतेच पलटणीत भरती झाले होते. त्यांनी मला विकत घेतलं आणि मग काय, पठाणकोट म्हणू नका, जोधपूर म्हणू नका, तेजपूर म्हणू नका! बदली झाली की घरातली पहिली वस्तू ट्रकमध्ये चढायची ती मी.

पुढे बळवंतरावांचं लग्न झालं आणि साताऱ्याकडच्या एका गावातून चंद्रप्रभाबाई घरात आल्या. त्यांनी माझ्या तळाशी काय ठेवलं असेल? बी. ए.ची पुस्तकं! नव्या ठिकाणी गेलो की त्या कॉलेजात नाव घालत. अभ्यास रंगात येई, परीक्षा तोंडावर येई आणि नेमका बदलीचा हुकूम दारात उभा. मग पुस्तकं पुन्हा माझ्या तळाशी, वर वर्तमानपत्र, त्यावर रजया. बाई कधी भांडल्या नाहीत, कधी हुं की चूं केलं नाही. वर्तमानपत्र घालून झालं की त्यावरून एकदा हात फिरवत, बस्स. मला फार वाईट वाटे. पण पत्र्याचं कोण ऐकतं?

दिल्लीत आलो आणि माझे दिवस फिरले. घरात पोटात सामान मावणारा बॉक्सबेड आला. मला बाल्कनीत कूलरखाली ढकलण्यात आलं. ज्या पोटात सुभेदार झालेल्या बळवंतरावांच्या कडक इस्त्रीच्या वर्द्या असत, तिथे कांदे-बटाटे आले हो! कूलरचं पाणी ठिबकून माझा कोपरा गंजला. कुणी ढुंकून बघेना.

मग त्यांची मुलगी सृष्टी गुडगावच्या एका कंपनीत नोकरीला लागली. त्यानंतर एका दुपारी चंद्रप्रभाबाईंनी मला ओढत आत आणलं. कांदे बाहेर काढले, तेलाच्या फडक्याने माझा गंज घासला, खिडकीखाली बसवलं आणि झाकणावर धुतलेली चादर अंथरून पुस्तक उघडलं. "लेकीचं झालं, आता माझा नंबर," त्या म्हणाल्या. त्यांनी मुक्त विद्यापीठात नाव घातलं होतं. विषय इतिहास.

काय सांगू त्या बाईची जिद्द! सकाळचा स्वयंपाक, डबे, धुणं उरकून त्या मांडी घालून माझ्यासमोर बसत आणि उत्तरं मोठ्याने म्हणत. ऐकून ऐकून सम्राट अशोक मलाही तोंडपाठ झाला. आजही कुणी विचारावं, धडाधड सांगेन. कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

सृष्टीला कामासाठी सारखं विमानाने जावं लागे. वरचेवर उडणाऱ्या माणसाला विमान कंपनी पॉइंट देते आणि ते पुरेसे साठले की त्यांवर तिकीट मिळतं. एके दिवशी ती नाचतच घरी आली.

"आई, पॉइंटांवर दोघींचं रोमचं तिकीट निघतंय! तुझी ग्रॅज्युएशन ट्रिप. लोक मुलांना नेतात, मी आईला नेणार."

"अगं, आधी ग्रॅज्युएट तर होऊ दे मला!"

"आणि मी?" बळवंतरावांनी विचारलं.

"बाबा, तुम्ही घर सांभाळा. फौजेने तुम्हाला भरपूर फिरवलंय."

तिकिटं काढली. सरोजिनी नगरच्या बाजारातून चाकांची एक जांभळी बॅग आली आणि ती चक्क माझ्या डोक्यावर ठेवली! मी अपमान गिळला. बाईंचा चेहरा इतका फुलला होता की रागवायला जीव होईना.

आणि मग घात झाला. बाईंचा शेवटचा पेपर पुढे ढकलला गेला आणि नवी तारीख आली ती नेमकी रोमच्या दिवसांत.

"चलो, पेपर पुढच्या वेळी दे," सृष्टी म्हणाली.

"पुढची वेळ नाहीये गं. माझ्या नोंदणीचं हे शेवटचं वर्ष. आत्ता चुकला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून."

"आणि माझ्या पॉइंटांची मुदत महिनाअखेर संपतेय! रोमच्या सीट परत मिळणार नाहीत. यार आई, एका पेपरासाठी?"

 माझ्यावरची बॅग बाजूला करून बाईंनी पुस्तकं उचलली, झाकण उघडलं आणि पुस्तकं तळाशी ठेवली. वर वर्तमानपत्र घातलं. त्यावरून हात फिरवला. मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं. गंजलेली बिजागरी आवळून मी झाकण अडवू पाहत होते, पण ते बंद झालंच.

बळवंतराव दारातून हे बघत होते. ते पुढे आले, झाकण उघडलं, पुस्तकं बाहेर काढली आणि धाडकन माझ्यावर ठेवली.

"इतकी वर्षं माझ्या बदलीच्या एकेका हुकमावर तू सामान बांधलंस," ते म्हणाले.  "आता बास. या वेळी ही पुस्तकं खाली जाणार नाहीत."

"म्हणजे? आईने आधीपण सोडलं होतं?" सृष्टीने विचारलं.

"प्रत्येक स्टेशनला, प्रत्येक बदलीत."

सृष्टी पुस्तकांशेजारी माझ्यावरच मटकन बसली. तिला हे माहीतच नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, सॉरी," एवढंच ती म्हणाली आणि फोन काढून तिने स्वतःच्या हाताने रोमची तिकिटं रद्द केली. त्या पोरीचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं.

थोडे पॉइंट कापले गेले, बाकीचे परत आले. त्यांत आता लांबचं काही बसत नव्हतं.

"श्रीलंकेला जाऊ," बाई म्हणाल्या. "अनुराधापूर. अशोकाची मुलगी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन तिकडे गेली होती. त्या फांदीचं झाड अजून तिथे उभं आहे. माझ्या पेपरात आहे ते."

मात्र मुदतीमुळे तिकिटं निकालाच्या आधीच काढावी लागणार होती. "आणि नापास झाले तर?" बाईंनी हळूच विचारलं.

"तरी जायचं," बळवंतराव म्हणाले. "ते झाड काही मार्कशीट मागत नाही."

पेपरच्या दिवशी बळवंतरावांनी त्यांना स्कूटरवरून नेलं आणि हातात पाण्याची बाटली घेऊन ते केंद्राबाहेर ताटकळत थांबले, अगदी पहिलीतल्या मुलाच्या आईसारखे. निकाल लागला. बाई पास झाल्या! त्या दिवशी माझ्यावर पेढ्यांचा बॉक्स ठेवला होता आणि मी हललेसुद्धा नाही.

मायलेकी श्रीलंकेला गेल्या. तिकडून व्हिडिओ कॉल आला तेव्हा बळवंतराव माझ्यावरच बसले होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. बाई त्या झाडासमोर उभ्या राहून सृष्टीला संघमित्रेची गोष्ट सांगत होत्या. मागून गाझियाबादच्या एका प्रवासी बाईंचा आवाज आला, "मॅडम, आप टीचर हैं क्या?"

"नहीं जी," आमच्या बाई म्हणाल्या, "स्टूडेंट हूँ. अभी एम. ए. करना है."

बळवंतराव हसता हसता रडले. मी तर धन्य झाले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांना कूलरखाली लोटू नका, हे मी सांगणारच. पण त्याआधी एक करा. आज घरी गेलात की आईला विचारा, "तुझं काय करायचं राहून गेलं?" ती म्हणेल, "काही नाही रे," आणि पदराला हात पुसत उठायला लागेल. तिला उठू देऊ नका. तिथेच बसा आणि पुन्हा विचारा.