नारळाचे ओरखडे

"बोट लावू नका ना, देवरावभाऊ! ओला हाय अजून."

लटारू पेंटर ओरडला तसा देवरावने हात मागे घेतला, पण त्याचे डोळे काही बंपरवरून हलेनात. सावली गावच्या बसस्टँडमागे कडुनिंबाखाली नवी मारुती उभी होती आणि तिच्या तोंडासमोर हे दोघे उकिडवे बसले होते.

"आखीन किती वेळ लागन?"

"अस्तराचा रंग हाय तो. त्याच्या मनानं सुकन. तुमी जरा चूप बसा."

चूप बसणं आज देवरावच्या हातात नव्हतं. संध्याकाळच्या नागपूर गाडीनं मालक उतरणार होते आणि त्यांना घ्यायला हीच मारुती न्यायची होती.

मालक म्हणजे राइस मिलचे गुणवंतराव. देवराव त्यांचा ड्रायव्हर. मिशी काळी होती तेव्हापासून त्याने त्यांची जीप चालवली. जीप घेऊन मार्कंड्याला गेलं की देवळासमोर नारळ बंपरवरच फोडायचा, हा त्याचा शिरस्ता. बंपर लोखंडी. एक घाव, दोन भकलं. जीप विकली आणि महिन्यापूर्वी ही मारुती आली. आज सकाळी तो मालकीणबाईंना, इंदुताईंना, गाडीच्या पूजेसाठी मार्कंड्याला घेऊन गेला. पुजाऱ्याने शेजारचा दगड दाखवला होता. पण देवाचं नाव घेतलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हाताने नारळ बंपरवरच आपटला. पहिल्या घावाला नारळ चेंडूसारखा उडाला. हा पठ्ठ्या चिडला, दुसरा घाव जोरात घातला. नारळ फुटला आणि करवंटीची धार राखाडी प्लास्टिकवरून खरकन ओढली गेली. उजव्या कोपऱ्यावर चांगले वीतभर ओरखडे पडले.

"मी सांगीन त्याहिले," परतताना इंदुताई म्हणाल्या होत्या. "जोरानं फोडा म्हून मीच म्हटलं होतं."

"नाई बाई. तुमी काईच सांगू नका."

कारण गोष्ट ओरखड्याची नव्हतीच. दसऱ्याला जीपला हार घालताना गुणवंतराव चारचौघांत हसत म्हणाले होते, "देवराव, आता तुमची नजर कमी झाली." लोकही हसले. देवरावला मात्र ते शब्द अजून खुपत होते. नवी गाडी त्याच्या हातात राहणार की नाही, या एकाच काळजीने त्याची झोप उडाली होती. आता कोरा बंपर खरवडलेला दिसला, तर मालकाला आणखी काय पुरावा हवा?

"थिनर लावून पाह्यलं तं चिकट होऊन राह्यलं," लटारू म्हणाला. त्याचा सगळा जन्म बैलबंड्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेला. "म्या म्हटलं, मेलो! अख्खा बंपर विरघळते का काय!"

"अरे बापा!"

"मंग साबनाच्या पान्यानं धुतला, ओल्या पालिश पेपरनं घासला. तुमच्या देवाले तरी सांगा, लोखंड आन् प्लास्टिक वेगळं राह्यते म्हून."

देवरावला हसू आलं नाही. त्याने बिडी काढली.

"इथी नका पेटवू! थिनर हाय. मले जाळता का?"

तो उठला, स्टँडवर जाऊन गाडीची चौकशी करून आला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. अस्तर सुकल्यावर लटारूने पांढऱ्यात काळा कालवला, रंग निळसर दिसला. थेंबभर पिवळा टाकला, मग तो जमला. पाट्यांवर अक्षरं काढायच्या बारीक ब्रशने त्याने ओरखडे एकेक करून भरले.

"पाहा आता. दिसते का?"

उभं राहून पाहिलं तर दिसत नव्हतं. देवराव खाली बसला, मान वाकडी केली. "इथून दिसते."

"मंग मालक का असा उकिडवा बसन काय?"

उरलेला रंग लटारूने औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून दिला. देवरावने ती शर्टाच्या खिशात ठेवली, किल्लीच्या शेजारी.

एस.टी. आली. गुणवंतराव उतरले आणि गाडीकडे आले. देवराव बंपरच्या कोपऱ्यापुढे असा उभा राहिला की जणू तिथेच त्याची जागा होती. पण त्यांनी बंपरकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी हात पुढे केला. देवरावने बॅग धरायला हात लांब केले.

"बॅग नाई. चाबी द्या," ते म्हणाले. पोरासारखे खुशीत होते. "नागपूरले मी बसून नाई राह्यलो. मोटार स्कूलमधी गाडी शिकून आलो!"

देवराव डावीकडे बसला. इथे हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. त्याने ते मांडीवर ठेवले. मालक आनंदाने बोलत होते.

मिलचं फाटक अरुंद होतं. देवराव नेहमी विहिरीजवळून लांब वळण घ्यायचा. गुणवंतरावांनी सरळच वळवली. देवरावचा उजवा पाय आपोआप पायपोसावर दाबला गेला, सगळ्या ताकदीने. तिथे ब्रेक नव्हता.

खर्रर्र.

गुणवंतराव उतरले, वाकून पाहिलं आणि हसले. "लागलं थोडंसं. प्लास्टिकच तं हाय, शिकताना होतेच." मग त्यांनी देवरावच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्यापासून तुमी आरामानं फाटकावर बसा, देवराव. लय फिरले माझ्यासाठी."

ते मनापासून बोलले होते. किल्ली खिशात टाकून ते आत गेले. आवारातल्या घराच्या दारात उभ्या असलेल्या इंदुताई गाडीकडे नाही, देवरावकडे पाहत होत्या.

"देवरावभाऊ, चहा ठेवतो," त्या म्हणाल्या.

"ठेवा, बाई. आलोच."

त्याने सवयीने शर्टाचा खिसा चाचपला. हाताला बाटली लागली. अजून थोडा उजेड होता. देवराव बंपरसमोर उकिडवा बसला, दुपारी रंगवलेलाच कोपरा पुन्हा खरवडला गेला होता. त्याने धोतराच्या सोग्याने धूळ पुसली आणि माचिसची काडी काढून बाटलीत बुडवली. रंग पुरेल एवढा होता.