खडूरंगाखाली

पौषातली उन्हं. पातळ, पिवळी, परागधूसर. वेंगुर्ल्याच्या खाडीवरून ती हलके हलके चढली, काजूच्या मोहरावर रेंगाळली आणि हेरंब सामंताच्या ओटीवर येऊन थबकली. ओटीवर वर्तमानपत्रं अंथरली होती आणि त्यांवर उभं होतं एक शिसवी, कृष्णवर्ण, आरसेदार कपाट. हेरंबच्या पहिल्या बायकोचं. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

आता ते शुभ्र व्हायचं होतं. खडूच्या रंगाचा डबा हेरंबनं मुद्दाम गोव्याहून आणला होता. शंखवर्णी रंग, अंगानं कोरडा, चकाकी नसलेला, फळ्यावरच्या खडूसारखा. नव्या संसाराला नवं कपाट, असं तो शाल्मलीला म्हणाला होता. शाल्मली त्याची दुसरी बायको, लग्नाला जेमतेम चार महिने झालेली. ऐकून बिचारी मोहरली. पण मोहर म्हटला की ढगाळ दिवसाचं भय आलंच.

ती पदर खोचून पॉलिशपेपर घेऊन बसली, तर हेरंबनं तो हातातून काढूनच घेतला. या रंगाला आधी घासावं लागत नाही, तोच तर याचा गुण, जुन्यावर तसाच बसतो, असं काहीबाही म्हणाला. डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाला. आणि तिला चहा टाकायला आत धाडून दिलं.

शाल्मलीच्या मनात पाल चुकचुकली. जुनं घासायचं नाही? जुनं तसंच ठेवायचं, वर नुसतं पांढरं पांघरूण? चहा उकळत राहिला, ती दाराआडून पाहत राहिली. ब्रश वर जाई, खाली येई. वर जाई, खाली येई. खाली आला की मात्र हळुवार होई, निजलेल्या कुणाच्या अंगावरून फिरावा तसा. संशयाला एवढं पुरतं हो.

मग तिला सगळंच दिसू लागलं. त्याचं जेवताना गप्प होणं. आरशासमोर उगाच थांबणं. कुडाळचा फोन आला की अंगणात जाऊन बोलणं. कुडाळला त्याची सहा वर्षांची लेक जुई होती, आजोळी. पहिलं वर्ष दोघांनाच राहू दे, अशी अट शाल्मलीच्या आईनं लग्न ठरवताना घातली होती. हेरंबनं मान डोलावली, शाल्मलीनं मान खाली घातली, आणि तेव्हापासून पोरीचं नाव घरात कुणी काढलं नाही.

रंग वाळला. आता वरून मेण. हेरंब दुकानात गेल्यावर ती कपाटाशी फतकल मारून बसली आणि कापडानं मेण चढवू लागली. गोल गोल, मंद मंद, मृदू मृदू. आणि आरशाच्या चौकटीवर हात अडखळला. रंगाखाली एक इवलासा उंचवटा. गोल. पुढे आणखी एक. त्याच्याखाली आणखी, वेडीवाकडी ओळच.

टिकल्या. तोंड धुताना कपाळावरची काढून आरशाच्या कडेला चिकटवायची, कुठली बाई असं करत नाही? सवतीच्या टिकल्या होत्या त्या, श्वेत लेपाखाली जपून ठेवलेल्या. म्हणून घासायचं नव्हतं. तिला रडू आलं, रागही आला. जित्या सवतीशी दोन हात करता येतात, मेलेलीशी भांडायचं कुठे? आपण या घरात पाहुणीच, असं तिला वाटलं.

सांज झाली. केशरी, करुण, काजळत जाणारी. हेरंब ओटीवर आला तरी ती उठली नाही.

‘‘अहो, तिच्या टिकल्या ठेवायच्या होत्या तर मला सांगायचं होतं.’’

तो खांबाला टेकला.

‘‘तिच्या वरच्या बाजूला होत्या,’’ तो म्हणाला. ‘‘सगळ्या सुरीनं खरवडून काढल्या. हात लावून बघ.’’

ती उठली. कपाळाच्या उंचीला चौकट गुळगुळीत. खांद्याशी गुळगुळीत. छातीशीही. हात कमरेपर्यंत उतरला, तेव्हा कुठे पहिला उंचवटा लागला.

‘‘खालच्या जुईच्या. आईचं बघून लावायची. सुरी घेऊन बसलो होतो गं, पण जित्या लेकराच्या नाही काढवल्या.’’

शाल्मलीचा हात तिथंच राहिला. इतका वेळ ती मेलेलीवर पाळत ठेवत होती, आणि घराबाहेर काढलं गेलं होतं ते हसतं-खेळतं पोर. तिला लाज वाटली. भीतीही वाटली; पोर आपल्याला आई म्हणेल का, कोण जाणे.

‘‘उद्या कुडाळला जाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘तिला घेऊनच येऊ.’’

‘‘आणि तुझी आई?’’

‘‘आईला मी सांगते.’’

हेरंब जवळ येऊन उभा राहिला. शुभ्र चौकटीतल्या आरशात, वरच्या अर्ध्यात, दोघांचे चेहरे मावले. खालच्या अर्ध्यात, दोघांच्या मधे, जुईच्या उंचीला अंगणातली सांज तेवढी उतरली होती, निळी, निवांत, आणि तिथं कुणीच नव्हतं.