दरवानाच्या कोपराला कोणता बल्ब

आमची वहिनी रफू करते म्हणजे काय करते, ते आधी सांगायला हवं. एकदा एक वकील रफू करून नेलेला काळा कोट घेऊन परत आला आणि दारातच भांडायला उभा राहिला. "बाई, भोक कुठे आहे? तुम्ही रफू केलेलंच नाही, मजुरी कसली घेतलीत?" वहिनीनं कोट उलटा केला, सुलटा केला, तिलाही सापडेना. मग मी, दादा, वकील आणि शेजारचा लोहार असे चौघं कोटाभोवती मांडी घालून बसलो. दुपार गेली. शेवटी वकील म्हणाला, माझा कोट बहुतेक फाटलाच नव्हता, आणि आमचा चहा पिऊन निघून गेला. आता बोला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. मी लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडलो नाही, त्यामुळे त्यांच्याच खोलीत एका कोपऱ्यात माझी खाट आणि माझं तोंड असं दोन्ही ठेवलेलं आहे. खोली तळमजल्यावर. खिडकी आहे, पण ती उघडली की समोरच्या गोदामाची भिंतच आत डोकावते. ऊन आमच्याकडे यायचं म्हटलं तर त्याला कुशीवर होऊन सरपटत यावं लागेल. म्हणून भर दुपारीसुद्धा बल्ब लावल्याशिवाय आमच्याकडे सुईत दोरा जात नाही.

बल्ब जुना, आत तार असलेला, पिवळा. इतकी वर्षं जळला की त्याच्याखाली किडे टिपता टिपता पालींच्या पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. शेवटची पाल तर डोळ्यांवर हात धरून भिंतीवरून चालायची, मी स्वतः पाहिलंय. त्याच बल्बाखाली वहिनीनं आपला दोऱ्यांचा डबा लावला होता. रंगांना बाजारातली नावं नव्हती, तिची स्वतःची होती. 'आजारी मांजर', 'उतू गेलेलं दूध', 'सासूबाईंची शाल'. एका मळकट पिवळ्याचं नाव 'ह्यांचे दात'. दादाला ते माहीत होतं आणि तो त्या रिळाकडे कधी बघत नसे.

एका सकाळी त्या बल्बनं टिक् केलं आणि गेला. आणि नेमका त्याच सकाळी हॉटेलचा दरवान आला.

दरवानाला आम्ही चांगलं ओळखतो. मोठ्या हॉटेलच्या काचेच्या दारात उभा असतो, येणाऱ्याला दार उघडून देतो. कोट त्याचा नाही, हॉटेलचा. आधीच्या दरवानांच्या अंगावरून त्याच्या अंगावर आलेला. रंग जांभळट तांबडा, उन्हानं पार उडालेला. उजवं कोपर दाराच्या कडीत अडकून फाटलं होतं.

"ताई, परवा साहेबांची तपासणी आहे," तो म्हणाला. "कोट फाटका दिसला की माणूस मागे जातो. मागे म्हणजे गोदामात, पोती उचलायला. आणि माझ्या कमरेत आता एकही पोतं शिल्लक नाही."

"मग वाकू नका. बसा," वहिनी म्हणाली. मेणबत्तीच्या उजेडात तिनं कोट उलटला. रफूला दोरा घ्यायचा तो त्याच कापडाच्या दुमडीतून, उसवून. ही रीतच आहे. पण ह्या कोटाची दुमड तिनंच आधीच्या दरवानांसाठी उपसून संपवली होती. आत टक्कल पडलेलं. "डब्यातला लावावा लागेल," ती म्हणाली, आणि दादाकडे पाहिलं. "आधी बल्ब आणा."

मी आणि दादा बल्बवाल्याकडे गेलो. त्याच्या दुकानात लाकडी फळीवर होल्डर ओळीनं ठोकलेले. जो मागाल तो लावून दाखवतो.

"तारेवाला आता येत नाही," तो म्हणाला. "एलईडी घ्या. पांढरा, पिवळा की मधला?"

"स्वस्तातला," दादा म्हणाला. दादाला रंग हा एवढाच कळतो.

"किती टिकतो?" मी विचारलं.

"तुमच्यापेक्षा जास्त."

"मग आमच्यामागे ह्याला सांभाळणार कोण?" दादा म्हणाला. "अजून स्वस्तातला दाखवा."

बल्बवाल्यानं नाव नसलेला खोका काढला. पांढरा बल्ब. लावला तर दुकानातला प्रत्येक माणूस नुकताच आजारातून उठल्यासारखा दिसायला लागला. "उजेड भरपूर," तो म्हणाला. "वीज नावालाच खातो. फक्त रंगांचं विचारू नका. रंग नीट दाखवणाऱ्याच्या खोक्यावर तसा आकडा छापलेला असतो, आणि आकडा छापला की भाव चढतो."

"आम्हाला काय चित्रं काढायची आहेत?" दादा म्हणाला.

घरी बल्ब लावला तर दुधाकडे बघून दुधात माती पडली असं वाटायला लागलं. दादानं आपले हात पाहिले आणि गुपचूप पुन्हा अंघोळ करून आला. वहिनी मात्र डबा उघडून नुसतीच बसली. 'आजारी मांजर' बरं झालं होतं. 'सासूबाईंची शाल' निळी पडली होती. लग्नात ओळखीचे नातेवाईक भेटावेत आणि एकानंही ओळख देऊ नये, तसं तिचं तोंड झालं होतं.

तरी तिनं कोटाजवळ एकेक रीळ धरून पाहिलं, एक निवडलं, आणि दुपारभर आडवा-उभा दोरा ओवला. झालं तेव्हा कोपर असं बसलं की बोट फिरवूनही कळू नये. दरवान आला, त्यानं कोट घातला, हात वाकवला, "वा ताई" म्हणाला आणि गल्लीत उन्हात गेला. आणि दोन पावलांवरून परत आला.

"ताई, कोपरावर उंदीर बसलाय."

आम्ही सगळे बाहेर गेलो. उंदीरच होता. बल्बाखाली जुळलेला दोरा उन्हात तपकिरी, हिरवट झाला होता, शेपटीसकट. वहिनी त्याच्याकडे अशी बघत राहिली जणू तो तिच्याच घरात जन्मला होता.

"बल्ब बदलून आणा," ती दादाला म्हणाली.

दादा दुसऱ्या सकाळी नवाच घेऊन आला. पिवळा एलईडी, तोही बिनआकड्याचा, कारण बल्बवाल्यानं आधीचा परत घ्यायला साफ नकार दिला आणि दादाचा खिसा तेवढाच होता. ह्या पिवळ्यात खोली ओळखीची वाटली. मीही म्हणालो, हा आपल्या जुन्याचाच धाकटा भाऊ. वहिनीनं उंदीर उसवला, नवा दोरा निवडला, पुन्हा ओवला. आता बाहेर जायच्या आधीच ती दारात थांबली आणि मला म्हणाली, "भावोजी, तुम्ही नेऊन बघा. मला नको."

मी कोट गल्लीत नेला. उंदीर गेला होता. त्याच्या जागी बेडूक आला होता.

आत येऊन मी म्हणालो, "तेवढं काही नाही." ती म्हणाली, "तुमचं 'तेवढं काही नाही' मला माहीत आहे," आणि कात्री घेतली.

दादा उठला आणि चप्पल घालून गेला. तो परतला तेव्हा हातात आकडा छापलेला खोका होता. दादानं महागातली वस्तू घेतली, ह्यावर आमच्या गल्लीत कोणी विश्वास ठेवणार नाही. माझ्या सगळ्या थापांत हीच खरी गोष्ट सगळ्यात खोटी वाटते. तो खुर्चीवर चढला, बल्ब लावला आणि उतरताना वहिनीकडे न बघता म्हणाला, "आता दिसेल."

दिसलं. त्या उजेडात दूध दुधासारखं होतं, हात हातासारखे. वहिनीनं कोटाच्या फाटलेल्या कोपराजवळ पहिलं रीळ धरलं. नाही. दुसरं. नाही. डबा रिकामा झाला, रिळं सतरंजीवर पसरली, आणि त्यांतलं एकही त्या कोटाचं नव्हतं. खात्री करायला तिनं सगळी रिळं पदरात घेऊन गल्लीत उन्हात नेली. तिथेही तेच. बल्ब खरं बोलत होता.

"नवा दोरा आणू," दादा म्हणाला.

"आणाल कुठून? हा रंग कोणी रंगवलेला नाही. उन्हानं उडवून उडवून केलाय. कुठल्या गिरणीत मिळतं असं?"

मग ती खाली बसली आणि हळूच म्हणाली, "भावोजी, इतकी वर्षं लोक माझे कपडे घालून उन्हात जातच होते ना?"

"वहिनी, त्या वकिलाचा कोट आठवतो ना?" मी म्हणालो. "आम्ही चौघं दुपारभर भोक शोधत—"

"तो वकील कधी आलाच नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही रचलेली गोष्ट आहे ती. मी इतकी वर्षं ऐकून घेतली, कारण ऐकायला बरं वाटायचं."

लोहाराला विचारा, असं मी म्हणणार होतो. पण शेजारी लोहार राहत नाही, हे तिलाही माहीत होतं.

तपासणी आता उद्यावर आली होती. दरवान संध्याकाळी कोट न्यायला आला, तेव्हा वहिनीनं त्याला कामाचं विचारलं. "साहेब कुठून बघतात?"

"आतून. मोठ्या दालनात त्यांची खुर्ची आहे. ते उठतात कुठे?"

"मग चला."

ती, मी आणि दरवान हॉटेलात गेलो. दालनात छतभर दिवे. वहिनी पाहुण्यांच्या सोफ्यावर पाहुणी होऊन बसली, पिशवीतून एकेक रीळ काढून मांडीवरच्या कोटाला लावत. एका नोकरानं येऊन "पाणी?" विचारलं, तर मी म्हणालो, "बाईंचे साहेब वर खोलीत आहेत, कोट विसरलेत." थाप ठीक बसली. आणि तेवढ्यात वहिनीचा हात थांबला. 'सासूबाईंची शाल' त्या उजेडात कोटात अशी विरघळली होती की रिळाचा दोरा कुठे आणि कापड कुठे, कळेना. दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

दरवानानं कोट घातला आणि खात्री करायला दोऱ्याचं टोक कोपरावर धरून दार उघडलं. दार बाहेरच्या बाजूला उघडतं. कोपर आत होतं तोवर काही नव्हतं. हात पुढे गेला, कोपर बाहेरच्या मावळतीच्या उन्हात आलं, आणि दोरा पेटल्यासारखा वेगळा दिसला. हात मागे आला, दोरा विझला.

"ताई," तो म्हणाला, "माझं कामच असं आहे. अर्धा आत, अर्धा बाहेर."

"मला एकाच उजेडाचं जमतं," वहिनी म्हणाली. "कुठल्या उजेडात दिसायचं नाही, ते तुम्ही सांगा."

त्यानं साहेबांच्या खुर्चीकडे बघितलं. "आतल्या," म्हणाला.

घरी येऊन तिनं रफू केलं. आमच्या खऱ्या बोलणाऱ्या बल्बाखाली ते ठळक चुकीचं दिसत होतं. बरोबर कुठे बसतंय ते आठवून, डोळ्यांवर विश्वास न ठेवता, तिनं एकेक टाका घातला. दादा मध्येच म्हणाला, "बल्ब घालवू का?" ती मानेनंच नको म्हणाली.

सकाळी आम्ही तिघं हॉटेलसमोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. ऊन लख्ख होतं. दरवान दारात, काचेच्या आतल्या बाजूला, कोट स्वच्छ. तिथून कोपर नवंकोरं दिसत होतं. दालनातली खुर्ची रिकामी होती.

मग गाडी आली आणि साहेब बाहेरून आले.

आता, मी आयुष्यात गोष्टींमध्ये पूर आणले आहेत, पाली चालवल्या आहेत, नसलेल्या लोहाराला चहा पाजला आहे. त्या क्षणी मला एक ढग हवा होता. एवढासा, दाराएवढा. मी वर बघितलं. आकाशात काही नव्हतं.

दरवानानंही वर बघितलं असावं, कारण त्यानं उजवा हात पाठीमागे घेतला आणि डाव्या हातानं दार ढकलायला गेला. त्यासाठी त्याला वळावं लागलं, आणि वळला तसं उजवं कोपर साहेबांच्या नाकासमोर, भर उन्हात आलं. साहेब थांबले. वाकून बघितलं. बोट लावून बघितलं. काहीतरी बोलले, फार थोडं. आवाज चढवला असता तर आम्हाला ऐकू आलं असतं.

वहिनी म्हणाली, "चला." मी वाटेत काही सांगायला लागलो, तर दादानं माझा हात दाबला.

पुढच्या आठवड्यात दरवान आला तो गोदामातल्यांच्या निळ्या खरबरीत शर्टात. कोट दुसऱ्याच्या अंगावर गेला होता. शर्टाच्या खांद्याला पोत्याचा हूक लागून चीर पडली होती. बसताना त्यानं कमरेला हात लावला आणि आम्ही पाहिलं नाही असं दाखवलं.

"आत कोणालाही दिसलं नाही, ताई," तो म्हणाला. "तेवढं सांगायला आलो. आणि हा शर्ट. मागे गोदामात कोणी बघत नाही, कसलाही दोरा चालेल."

वहिनीनं शर्ट घेतला, डबा उघडला आणि सवयीनं विचारलं, "तिथे बल्ब कोणता आहे?"

"तिथे बल्बच नाही."

ती रिळांवर हात ठेवून बसली. कुठलं उचलायचं, तिला कळेना. दादा उठला, फडताळातून तो पहिला, नाव नसलेल्या खोक्यातला पांढरा बल्ब काढला, फडक्यानं पुसला आणि दरवानाच्या हातात दिला.

"स्वस्तातला आहे," दादा म्हणाला. "रंगांचं विचारू नका."

"उजेड आहे ना?"

"भरपूर."

दरवानानं तो दोन्ही हातांत धरला, अंडं धरावं तसा. वहिनीनं डोळे मिटून डब्यातून एक रीळ उचललं आणि सुईत ओवायला लागली.