कळवणची दुपार

मे महिन्यात दर रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सहा मुलं जमतात. कळवणच्या शाळेत तीस वर्षं शिकवून मी नाशिकच्या इंदिरानगरला मुलाकडे राहायला आले. इथे पोरांशिवाय करमेना, म्हणून हा वर्ग सुरू केला.

त्या रविवारी विषय होता आर्यभट. मी सांगितलं, पंधराशे वर्षांपूर्वी हा माणूस म्हणाला की होडीत बसून पुढे जाणाऱ्याला काठावरची झाडं मागे पळताना दिसतात, तसेच आपल्याला तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. फिरते ती पृथ्वी.

"लोकांनी ऐकलं?" रुद्रनं विचारलं.

"नाही. नंतरच्या मोठ्या पंडितांनी ते खोडून काढलं. त्याचा ग्रंथ शिकवणाऱ्यांनाही ते पटेना. मग त्याच्या म्हणण्याचा अर्थच त्यांनी फिरवून घेतला."

"म्हणजे बरोबर उत्तरावर फुली मारली," निकिता म्हणाली. सगळी हसली.

मग मी मंगळवारची तयारी सांगितली. त्या दिवशी नाशिकमध्ये सूर्य अगदी डोक्यावर येणार होता आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होणार होती. पण बारा वाजता नव्हे. पृथ्वी फिरते, म्हणून प्रत्येक गावाची दुपार आपापल्या वेळी होते. घड्याळ मात्र साऱ्या देशाला एकच, तिकडे पूर्वेला उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या बाजूचं. तिथला सूर्य आपल्या माथ्यावर यायला अर्धा तास लागतो. आपली खरी दुपार बारा एकतीसला.

राखी नावाची मुलगी त्याच महिन्यात यायला लागली होती. ती म्हणाली, "पप्पापण तेच म्हणतात. पण मंगळवारी ते मला पाठवणार नाहीत. सावली मोजण्यावरून शाळेत त्यांचं हसं झालं होतं. सगळे त्यांना साडेबारा म्हणायचे."

"कुठल्या शाळेत?"

"कळवणच्या."

वडिलांचं नाव विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. नवनाथ.

सत्तावीस वर्षांपूर्वीचा डिसेंबर. सातवीच्या वर्गाला मी काम दिलं होतं, अंगणात काठी रोवा आणि सावली सगळ्यांत लहान कधी होते ते लिहून आणा. सगळ्यांनी पुस्तकात होतं तसं बारा लिहिलं. नवनाथनं साडेबारा लिहिलं. त्याच्या घरी घड्याळ नव्हतं. चहाच्या टपरीवरच्या रेडिओवर वेळ ऐकायची, धावत घरी यायचं आणि सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा, असं त्यानं केलं होतं. तो रोज शाळेत उशिरा यायचा. मी वर्गात म्हणाले, "काय रे नवनाथ, सूर्यही तुझ्यासारखाच उशिरा येतो का?" वर्ग हसला. मीही हसले. लाल शाईनं फुली मारली.

पुढे बारा वर्षांनी एका शिबिरात मला दुपारचं हे गणित कळलं. तोवर तो गाव सोडून गेला होता. शोधता आलं असतं. मी शोधलं नाही.

त्याच संध्याकाळी राखीचा हात धरून मी तिच्या घरी गेले. नवनाथ आता एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. मला पाहताच उठला, वाकून पाया पडला.

"बाई, तुम्ही? राखी ज्यांना आजी आजी म्हणते, त्या तुम्ही होय?"

त्या नमस्कारानं मला जास्त अवघड झालं. पाणी प्यायले आणि म्हणाले, "नवनाथ, तुझं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती. हे मला पंधरा वर्षं माहीत आहे."

त्यानं पंखा माझ्याकडे वळवला.

"मलाबी माहीत हाय, बाई. मोबाइल आला तेव्हा पहिलं तेच बघितलं." मग हळूच म्हणाला, "तुम्ही फुली मारली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळा बुडवून परत मोजलं. परत साडेबाराच आलं. तेव्हा वाटलं, बाई चुकायच्या नाय. माझ्या डोळ्यातच काहीतरी खोट हाय. त्यानंतर मोजायचं सोडलं."

आर्यभटाच्या शिष्यांना गुरूचं खरं पेललं नव्हतं. इथे शिष्याचं खरं मला पेललं नव्हतं, आणि माझं खोटं त्यानं पेललं होतं.

"राखीला मंगळवारी पाठव," मी म्हणाले. "आणि तूही ये. त्या दिवशी मी वर्गासमोर हसले होते, आता वर्गासमोरच सांगायचंय."

"आता कशाला ते, बाई? मंगळवारी ड्युटी हाय," तो म्हणाला. राखीबद्दल काहीच बोलला नाही.

मंगळवारी राखी सगळ्यांच्या आधी हजर होती. एकटीच. मुलांनी ओळंबा लावून काठी सरळ उभी केली. बारा वाजले तसा रुद्र ओरडला, "आजी, बारा. पण सावली आहे अजून."

मी त्यांना सावलीत बसवलं आणि सगळी हकिकत सांगितली. माझा विनोद, लाल फुली, पंधरा वर्षांचं गप्प राहणं, काहीच गाळलं नाही. राखी मान खाली घालून ऐकत होती. निकितानं विचारलं, "मग तुम्हाला शिक्षा?"

जिन्यातून उत्तर आलं, "बाईंना उन्हात उभं करू या." खाकी कपड्यांतला नवनाथ दारात उभा होता. हाताला ग्रीस होतं. कधीपासून उभा होता कोण जाणे.

तो काठीपाशी उकिडवा बसला. कुंडीतले चार खडे उचलले आणि सावलीच्या टोकाशी एकेक ठेवत गेला. मुलं मोबाइल बघून वेळ सांगू लागली, तशी त्यानं हातानंच त्यांना थांबवलं. सावली बोटभर उरली, मग नखाएवढी.

"आता," तो म्हणाला.

काठी उभी होती आणि तिला सावली नव्हती. राखीनं मोबाइल पाहिला. बारा एकतीस.

मी पिशवीतून वही काढली आणि आजची नोंद लिहायला लाल पेन त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते घेतलं नाही. राखीकडची पेन्सिल घेऊन वेळ लिहिली, खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. फुंकर मारून वही मिटली.

माफ केलं, असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

जिना उतरताना मात्र तो थांबला. "बाई, कळवण जरा उत्तरेला. तिथं ही सावली दोन-तीन दिवसांनी जाईल ना?"

"हो."

"मग शुक्रवारी रजा टाकतो. सकाळच्या गाडीनं निघू. काठी शाळेच्या मैदानातच रोवायची." दोन पायऱ्या उतरून पुन्हा वळला. "खडे मात्र तुम्ही ठेवायचे."