शाळेसाठी सज्ज!

आमच्या मंगळवार पेठेतल्या मंडळाला फ्लेक्स लावायला काहीही चालतं. यंदा पहिलीत जाणाऱ्या पोरांची पाळी आली.

मी निवृत्त शिक्षक. मे महिनाभर शिपायाकडून किल्ली घेऊन गल्लीतली सात पोरं रोज सकाळी रिकाम्या शाळेत नेत होतो. नळाचं पाणी प्यायचं, संडासाची कडी लावायची आणि काढायची, लघवीला जाऊ का असं मोठ्यानं विचारायचं. एवढंच. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या धोंडुबाईची नात स्वप्नाली सगळ्यांत भित्री. आजीचं बोट सोडायला तिला वीस दिवस लागले, पण सोडलं.

हे मंडळाच्या अध्यक्षाला, यशराजला कळलं. "सर, पोरांचा सत्कार करू की! तुमास्नी बी शाल-नारळ." नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

मग काय, हलगीचा कडकडाट, डोक्यापेक्षा मोठे फेटे आणि उन्हात स्टेजवर ओळीनं बसवलेली पोरं. पाहुणे दोन तास उशिरा. स्वप्नाली उठली आणि शिकवलं तसं मोठ्यानं म्हणाली, "सर, लघवीला जाऊ?"

"ए, खाली बस! फोटो व्हायचाय," यशराज खेकसला.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी शाल सावरली आणि हातानंच बस म्हणून खुणावलं. थोड्या वेळानं तिचा फ्रॉक भिजला. खाली बसलेली शहाणी माणसं फिदीफिदी हसली.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला, 'शाळेसाठी सज्ज!' यशराज पुरुषभर, बाजूला शालीतला मी, पोरं वीतभर. तरी ओला फ्रॉक दिसत होताच. शाळेची वाट त्याच्याखालूनच. स्वप्नाली घराबाहेर पडेना. फ्लेक्स काढ म्हणून मी यशराजला विनवलं.

"शाळा सुरू हुईपतोर ऱ्हाऊ दे की सर. काय झकास आलाय!" तो म्हणाला. मीही तसाच परतलो.

शाळेच्या पहिल्या दिवशी पोरीला समजवायला निघालो, तर चौकात नुसते बांबू. यशराज कोपऱ्यावर बोंबलत होता. धोंडुबाईनं फ्लेक्स जमिनीवर अंथरून त्यावर बटाटे ओतले होते.

"म्हातारे, माझा फोटो!"

"हाय की. बटाट्याखाली बघ."

तो शिव्या देत निघून गेला. मी दबकत विचारलं, "स्वप्नाली?"

"गेली की शाळंत. पोरांसंगं, बोट न धरता." तिनं कांद्याची पाटी उचलली. "जरा सरका, सर. तुमचं त्वांड अजून उघडंच हाय." आणि पाटी उपडी केली.