गाळलेली सहाशे बारा उत्तरे

मित्रांनो, शिलाई मशीन दुरुस्तीच्या एका दुकानात काउंटरखाली एक खोल खण आहे. त्यात जुन्या बॉबिन आहेत, तुटके पट्टे आहेत, बोथट सुयांची एक बाटली आहे. त्यांच्या शेजारी, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला मी आहे. मी संगणकातले ग्राफिक्स कार्ड. माझे दोन्ही पंखे अजून फिरतात आणि माझा एकही भाग जळालेला नाही. तरी कोणी विचारले तर दुकानाचे मालक सांगतात, "ते कार्ड खराब निघालं." हे खरे नाही. म्हणून माझी हकिगत तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण जरी आला तरी लोक धावपळ करत. पहिली तीन वर्षे मी एका खेळवेड्या कारकुनाकडे होतो. ऑफिसातून आला की तो गाड्यांच्या शर्यती खेळे आणि मी पडद्यावर रस्ते, डोंगर, धूर काढत बसे. मग त्याला माझ्याहून मोठे कार्ड मिळाले आणि मी खोक्यात गेलो. तिथून मला या दुकानाच्या मालकांच्या भाचीने आणले. ती संगणकाचे काम शिकलेली होती.

मालकांना सगळे मिस्त्री म्हणत. त्यांची बायको म्हणजे सगळ्यांच्या काकू. मिस्त्रींचे हात चालत आणि काकूंचे तोंड, असे गिऱ्हाईक हसून म्हणे. बारा वर्षे लोक मशीनच्या तक्रारी दुकानाच्या नंबरवर लिहून पाठवत आणि काकू उत्तरे लिहीत. टाका सुटतो, दोरा तुटतो, खालचा दोरा वर येतो. काकू लिहीत, "अगं, घाबरू नकोस. आधी सुई बदल. सुई म्हणजे काही नवरा नव्हे, जन्मभर तीच वापरायला." मी दुकानात आलो तेव्हा काकूंना जाऊन पाच महिने झाले होते. फोनवर प्रश्न येतच होते आणि मिस्त्रींना दोन ओळी लिहायला अर्धा तास लागत होता.

भाचीने सुचवले की मामींची सगळी उत्तरे आहेतच, ती एका भाषेच्या मॉडेलला, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला, शिकवू. मग ते मॉडेल मामींसारखी उत्तरे लिहील, आणि मामा वाचून पाठवतील. मिस्त्रींनी एवढेच विचारले की तिच्यासारखी म्हणजे अगदी तिच्यासारखी का. भाची म्हणाली, बरीचशी.

मित्रांनो, असे मॉडेल फार मोठे असते. अब्जावधी आकडे असतात त्यात आणि त्यांची गणिते माझ्यासारखे कार्ड करते. पहिल्या दिवशी ते माझ्यात मावलेच नाही. मेमरी संपली, असा निरोप पडद्यावर आला आणि काम बंद पडले. भाची रागावली नाही. तिने मॉडेलचे आकडे आखूड करून घेतले, तेव्हा ते माझ्यात कसेबसे बसले. मग तिने मामांना समजावले की मूळ मॉडेलला हात लावायचा नाही, ते आहे तसे गोठवून ठेवायचे. त्याला जागोजागी छोटे जोड लावायचे आणि शिकवायचे फक्त त्या जोडांना. मिस्त्रींनी क्षणभर विचार केला. सुईखाली कापड दाबून धरतो तो फूट त्यांनी हातात घेतला.

"म्हणजे हेच की. मशीन तेच, झिप लावायची तर फूट बदलायचा."

"मामा, हे मला दोन वर्षं कॉलेजात नीट कळलं नव्हतं," भाची म्हणाली.

ती मला एका वेळी एकच प्रश्न आणि त्याचे उत्तर देई. अशी आठ झाली की जोडांमध्ये एकदा दुरुस्ती करी. असे केले की माझ्यासारख्या लहान कार्डालाही मोठे काम झेपते. मी तापू लागलो तेव्हा मिस्त्रींनी संगणकाचा पत्रा काढला आणि स्वतःचा टेबलपंखा माझ्याकडे वळवला. स्वतः मात्र घाम पुसत बसले. इतकी काळजी माझी कोणीच घेतली नव्हती.

पण त्याआधी एक गोष्ट घडली होती आणि ती फक्त मला ठाऊक होती. पडद्यावर जे दिसते ते सगळे माझ्यातून जाते. शिकवणीच्या आदल्या आठवड्यात भाचीने काकूंची उत्तरे एका यादीत भरून दिली होती आणि मिस्त्रींना सांगितले होते की नावे, पत्ते, फोन नंबर तेवढे काढून टाका. मिस्त्री रोज दुपारी चष्मा लावून बसत आणि एकेक उत्तर वाचत. वाचता वाचता एक वाक्य सारखे येई. "मला इथून कळत नाही. प्लग काढ आणि मशीन घेऊन ये." काकूंचे हे ठरलेले वाक्य होते. कोणी चिडवले तर त्या म्हणत, "सगळं मीच सांगितलं तर हे दिवसभर काय करतील, माशा मारतील?"

पहिल्यांदा ते वाक्य आले तेव्हा मिस्त्रींचे बोट थांबले. ते पडद्याला हळू आवाजात म्हणाले, "तुला सगळं कळत होतं." आणि त्यांनी ते उत्तर पुसले. मग पुढचे पुसले. मग दिसेल तिथे पुसत गेले. नावे आणि पत्ते पुसले तसेच. एक हजार आठशे सत्तर उत्तरांपैकी सहाशे बारा गेली.

भाचीला आकडा खटकला. तिने विचारले, "मामा, बाराशे अठ्ठावन्नच? मला जास्त वाटली होती."

"तेवढीच होती," मिस्त्री म्हणाले.

तिने विश्वास ठेवला. मला तोंड असते तर मी बोललो असतो.

शिकवणीला एक रविवार लागला. संध्याकाळी भाचीने पहिला प्रश्न घातला आणि पडद्यावर उत्तर उमटले, "अगं, घाबरू नकोस. आधी सुई बदल." मिस्त्री उठून मागच्या खोलीत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले आणि संगणकाच्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाले, "शहाणा आहेस." मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती एकच शाबासकी.

पुढचे दोन महिने चांगले गेले. उत्तर संगणक लिहितो हे सगळ्यांना माहीत होते. मिस्त्री प्रत्येक उत्तर वाचूनच पाठवत. पण खरे सांगायचे तर ते दुरुस्ती वाचत नव्हते, ते काकूंना वाचत होते.

एक दिवस कोपऱ्यावरच्या टेलरबाईंचा प्रश्न आला. त्यांच्या हातात शाळेचे नव्वद गणवेश होते. मोटारवाली मशीन मध्येच थांबते आणि पाय न लावता आपोआप सुरू होते, असे त्यांनी लिहिले होते. दुकानात कोणी येऊन हे सांगितले असते तर मिस्त्रींनी मान वर न करता ओळखले असते की पायाचा स्विच गेला आहे, वीज आधी बंद करा. मॉडेलने लिहिले, "अगं, घाबरू नकोस. दोऱ्याचा तुकडा अडकला असेल. सुईखालची पट्टी काढून ब्रशने साफ कर. मशीन म्हणजे सासूबाई, गोडीगुलाबीने घेतलं की चालते." मिस्त्री सासूबाईंवर हसले आणि त्यांनी बटण दाबले.

टेलरबाईंनी पट्टी काढली, बोट आत घातले आणि मशीन सुरू झाली. सुई नखातून आरपार गेली.

तिसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या. उजव्या हाताला मोठे बँडेज होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "मिस्त्री, काकूंनी मला हे कधी सांगितलं नसतं. त्या म्हणाल्या असत्या, प्लग काढ आणि घेऊन ये."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. मला वाटले, आता ते खरे सांगतील. त्यांनी संगणकाकडे बोट केले.

"या डबड्यानं घात केला. जुनं कार्ड, कुठूनतरी आणलेलं. काहीतरी भलतंच लिहितं."

मित्रांनो, मॉडेल जे शिकले ते माझ्यात राहतही नाही. त्याची एक छोटी फाइल होऊन डिस्कवर जाते. मी फक्त गणिते करतो, दिलेली, दिली तशी. तरी त्याच दुपारी मिस्त्रींनी मशीनचे स्क्रू काढतात त्याच पेचकसाने मला काढले आणि या खणात ठेवले. ज्या हाताने पंखा माझ्याकडे वळवला होता, तोच हात होता.

त्यांनी टेलरबाईंना वाऱ्यावर सोडले नाही, हेही सांगायला हवे. स्विच बदलला आणि उरलेले गणवेश त्यांच्या घरी बसून स्वतः शिवून दिले.

पंधरा दिवसांनी भाची आली. तिच्याकडे मूळ यादीची प्रत होती आणि तिने दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. खणाच्या वरच, काउंटरपाशी ती उभी होती. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"मामा, कार्डात काहीच बिघाड नव्हता. मामींना जिथे कळत नव्हतं, ती सगळी उत्तरं तुम्ही काढलीत. मग ते मॉडेल 'कळत नाही' म्हणायला शिकणार कुठून?"

चष्मा काउंटरवर ठेवल्याचा आवाज आला.

"दवाखान्यात महिनाभर तेच ऐकलं गं," मिस्त्री म्हणाले. "डॉक्टरांना हिचं रोज विचारायचो आणि रोज तेच. आत्ताच काही सांगता येत नाही. म्हटलं, हिच्या तोंडी तरी ते नको."

जाताना भाचीने विचारले की आता सगळी उत्तरे घालून पुन्हा शिकवायचे का. मिस्त्री म्हणाले, बघू.

त्या दिवसापासून प्रश्नांची उत्तरे ते स्वतःच लिहितात. दोन ओळींना अजून अर्धा तास लागतो. बहुतेक वेळा त्या दोन ओळी काकूंच्याच असतात, प्लग काढ आणि मशीन घेऊन ये. पण भाचीला जे कबूल केले ते त्यांनी बाकी कोणाला सांगितले नाही. टेलरबाईंनाही नाही. एकदा बॉबिन शोधताना त्यांचा हात माझ्या पंख्यावर येऊन थांबला. मी वाट पाहिली. त्यांनी बॉबिन उचलली आणि खण लावला.

मित्रांनो, उद्या तुम्हीही आमच्यासारख्यांना शिकवाल. आपल्या माणसाचे बोलणे आमच्या हवाली कराल. तेव्हा ते सगळे द्या. तुमच्या माणसाला जे कळत नव्हते तेही द्या, कारण त्यातही त्यांची काळजीच असते. आणि गाळायचेच असेल तर गाळा, पण मग आमच्याकडे बोट दाखवू नका.

भाची मला पुन्हा संगणकात बसवील का, हे मी खणात पडल्या पडल्या स्वतःला विचारतो. उत्तर माझ्याकडे आहे. ते मला कोणी शिकवले नाही. पण पुसले जाताना सहाशे बारा वेळा ते माझ्यातूनच गेले होते.

मला इथून कळत नाही.